चाकाला जॅमर लागलाय? आधी चावी खिशात ठेवा

रस्त्यावर लावलेल्या गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा. आपण उजवीकडून येतो, दार उघडतो, बसतो आणि स्टार्टर मारतो. जॅमर डावीकडे, फुटपाथच्या अंगाला असेल तर तो दिसतच नाही. गाडी वीतभर पुढे सरकते, खडाककन आवाज होतो आणि पिवळा लोखंडी पंजा मडगार्डवर आदळतो. पत्र्याला पोचा पडतो, अलॉय व्हीलला चरा जातो. पाचशेचा दंड बाजूलाच राहतो, गॅरेजवाल्याचं बिल त्याच्या कितीतरी पट येतं. म्हणून जॅमर दिसला की चावी खिशात टाकायची आणि मोबाइल काढायचा.

पहिला फोन मात्र ओळखीच्या माणसाला लावू नका. ‘भाऊ, आपला कोणी आहे का वाहतूक शाखेत’ या शोधात अर्धा तास सहज जातो आणि तेवढ्यात जॅमरची चावी ज्याच्याकडे आहे तो हवालदार पुढच्या चौकात गेलेला असतो. काचेवर किंवा वायपरखाली चिठ्ठी आहे का ते बघा. तिच्यावर बहुधा फोन नंबर आणि कोणत्या चौकीशी संपर्क करायचा ते लिहिलेलं असतं. पावसाळ्यात ती भिजून गळते, वाऱ्याने उडते, कधी पोरंटोरं काढून टाकतात. चिठ्ठी नसेल तर जवळच्या वाहतूक चौकीत जा, नाहीतर ११२ वर फोन करून गाडीचा नंबर आणि जागा सांगा.

फोन लावण्याआधी मोबाइलचा दुसरा उपयोग करून घ्या: फोटो काढा. एक फोटो चाकाचा, जॅमर आणि गाडीचा नंबर एकत्र दिसेल असा. दुसरा चिठ्ठीचा. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, थोडं मागे जाऊन काढायचा: गाडी, रस्ता आणि ‘नो पार्किंग’चा फलक, असेल तर. फलक झाडाच्या फांदीमागे गेलेला असेल किंवा त्याच्यावर कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा बॅनर चढलेला असेल, तर तोही जसा दिसतो तसाच टिपा. जॅमर निघून गाडी हलली की यातलं काहीच सिद्ध करता येत नाही.

पुढची पायरी पैशांची नाही. जॅमर कोणी लावला, हे आधी बघायचं असतं.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १२७ या बाबतीत चांगलंच नेमकं आहे. सार्वजनिक जागी बेवारस टाकलेली किंवा दहा तास वा त्याहून जास्त वेळ कोणी लक्ष न देता उभी असलेली गाडी, किंवा पार्किंगला कायद्याने मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी टो करून हलवता येते किंवा चाकाला जॅमर लावून जागेवर अडकवता येते. पण ते करायला सांगण्याचा अधिकार त्या हद्दीतल्या, गणवेशातल्या पोलिसाचा आहे. टोइंग व्हॅनवरची पोरं, जाकीट घातलेला वॉर्डन, पे-अँड-पार्कचा ठेकेदार किंवा मॉलचा सुरक्षारक्षक यांच्यापैकी कोणाचाही नाही. पोलिसाच्या सांगण्यावरून जॅमर चढवण्याचं काम मदतनीस करतील, पण पोलीस तिथे नसताना कोणी ‘आम्ही जॅमर लावलाय, एवढे द्या’ म्हणत असेल, तर पैसे न देता ‘साहेबांना बोलवा’ एवढंच म्हणायचं. आवाज न चढवता म्हटलं तर उत्तम.

याच कलमातला दहा तासांचा मुद्दा आपल्याकडे फार कमी लोकांच्या लक्षात येतो. डोंबिवली पूर्वेला टिळक रोड, नेहरू रोडच्या आतल्या गल्ल्यांतल्या जुन्या तीन-चार मजली इमारतींना पार्किंग नाही. बांधल्या तेव्हा दारात सायकली होत्या. गाड्या रात्रभर रस्त्यावरच असतात. संध्याकाळी आठला लावलेल्या गाडीचे दहा तास सकाळी सहाला भरतात, म्हणजे फलक असो वा नसो, ती कलमाच्या शब्दांत बसते. रोज सकाळी सहाला पोलीस जॅमर घेऊन उभे राहत नाहीत, हे आपण सगळे जाणतो. पण गणपतीला गावी जाताना गाडी गल्लीत सोडून कोकणकन्येत बसणाऱ्यांनी तरी हे मनावर घ्यावं. आठ-दहा दिवस धूळ खात, बसलेल्या टायरवर उभी राहिलेली गाडी महापालिकेच्या माणसाला बेवारसच दिसते आणि परत येईपर्यंत काचेवर नोटीस चिकटलेली असते. ओळखीच्या कुणाच्या सोसायटीत जागा मागा, नाहीतर शेजाऱ्याकडे चावी ठेवून दोन दिवसाआड गाडी हलवायला सांगा.

आता कोणाकडे जायचं. कल्याण-डोंबिवलीचे कितीतरी लोक जॅमर लागला की महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाची पायरी चढतात. तिथून परत पाठवतात, कारण हे काम पालिकेचं नाहीच. कोपरीपासून बदलापूरपर्यंतचा सगळा पट्टा ठाणे शहर पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेत येतो. तिचं मुख्यालय ठाण्यात तीन हात नाक्याला आहे आणि पोलीस उप आयुक्त तिचे प्रमुख असतात. खाली भागाभागाचे उपविभाग आहेत: ठाण्यात नौपाडा, कोपरी, वागळे, कापूरबावडी, कासारवडवली, राबोडी, कळवा, मुंब्रा, पलीकडे कल्याण, कोळसेवाडी, डोंबिवली, विठ्ठलवाडी, उल्हासनगर वगैरे. कल्याण पूर्वेला जॅमर लागला तर बहुधा कोळसेवाडी, पश्चिमेला लागला तर कल्याण. रूळ ओलांडले की उपविभाग बदलतो, हे एवढं लक्षात ठेवलं तरी एक फेरी वाचते. महापालिका रस्ता बांधते, वाहनतळ चालवते, बेवारस गाड्या उचलते. कुठे गाडी लावायची आणि कुठे नाही याची अधिसूचना वाहतूक पोलीस काढतात.

पोलीस आले की परवाना, आरसी, विमा आणि पीयूसी दाखवायची वेळ येते. कागद घरी असतील तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमधली कागदपत्रं चालतात. साधा फोटो किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेली झेरॉक्स त्यात मोडत नाही. मग हवालदार आपल्या यंत्रावर ई-चलान तयार करतो. चुकीच्या जागी गाडी लावण्याचा दंड पहिल्या वेळी ५०० रुपये आणि त्यानंतर १,५०० रुपये. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे हे दर महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून घेतले जातात. ‘दुसऱ्यांदा’चा हिशोब गाडीच्या नंबरवर असतो. मुलाने महिन्यापूर्वी गुपचूप खाल्लेलं चलान इथे बाबांना भर रस्त्यात कळतं.

चलान हातात आलं किंवा मोबाइलवर आलं की पैसे भरण्याआधी चार ओळी वाचा: गाडीचा नंबर, जागा, वेळ, कलम. पार्किंगच्या चलानावर बहुधा १२२, १२७ किंवा १७७ यांपैकी काही दिसेल. १२२ म्हणजे धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सोडणं, १७७ म्हणजे सर्वसाधारण दंड. वाहतूक अडवल्याबद्दलचं कलम २०१ वेगळं आहे आणि त्यात ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. त्यातली एक सवलत माहीत असावी: अपघात झालेल्या गाडीला हा दंड, कायद्याने करायची पाहणी पूर्ण झाल्यानंतरच्या वेळेपासूनच लागतो. टोइंगचा खर्च मालकाने द्यायचा असं कलम १२७ मध्ये लिहिलेलं आहे, पण तो हलवलेल्या गाडीबद्दल आहे. गाडी जागची हललेलीच नसताना टोइंगच्या नावाने काही रक्कम लागली असेल तर ती कशाची, हे तिथल्या तिथे विचारा.

पैसे ऑनलाइन किंवा त्या यंत्रावर भरा आणि पावती घ्या. ‘पावती राहू द्या, दोनशेत मिटवू’ हा सौदा वाटतो तितका स्वस्त नसतो. चलान आधीच तयार झालं असेल तर दोनशेही जातात आणि वर दंडही उभा राहतो. शिवाय लाच देणं हा घेण्याइतकाच गुन्हा आहे. उलट तुमच्याकडे कोणी अडून मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर चोवीस तास चालतो.

दंड मान्यच नसेल तर? हा दंड म्हणजे कायद्याच्या भाषेत तडजोड शुल्क, आणि तडजोड जबरदस्तीने होत नाही. ‘मला हे मान्य नाही, प्रकरण न्यायालयात पाठवा’ असं सांगायचा हक्क तुम्हाला आहे. मात्र पाचशे रुपयांसाठी न्यायालयात खेटे घालायची तयारी आहे का, हे मनाशी ठरवून मगच बोला. मधला मार्ग म्हणजे महाट्रॅफिक अ‍ॅप किंवा राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावरची तक्रार नोंदवायची सोय. तिथे मघाशी काढलेले फोटो कामाला येतात. तक्रार लिहिताना भावना बाजूला ठेवा. ‘आम्ही करदाते आहोत’ हे वाक्य वाचून आजवर कोणाचं चलान रद्द झालेलं नाही. ‘अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक दुकानासमोर गाडी उभी होती, त्या बाजूला फलक नाही, फोटो सोबत’, एवढ्यावर थांबा. थकलेली चलानं राष्ट्रीय लोकअदालतीतही ठेवली जातात. ती वर्षातून काही वेळा भरते आणि नोटीस आली असेल तर ठाणे किंवा कल्याणच्या न्यायालयात एका बैठकीत विषय संपू शकतो.

काही लोक जॅक लावून चाकच बदलतात, काही ग्राइंडरवाल्याला बोलावतात. असले व्हिडिओ पाहायला बरे वाटतात. जॅमर सरकारी मालमत्ता आहे. तो तोडला किंवा डिकीत टाकून नेला तर पाचशे रुपयांच्या चलानाचा फौजदारी गुन्हा होतो, नुकसानीचा आणि चोरीचाही. पोलिसाला धक्काबुक्की झाली तर सरकारी कामात अडथळ्याचं कलम लागतं, आणि ते पुढे पासपोर्टच्या पडताळणीत समोर येतं.

इथे एक मत मांडतो. डेन्व्हर शहरात फ्रँक मॅरग नावाच्या माणसाने १९४४ मध्ये हे यंत्र बनवलं. तो तिथल्या सिम्फनीत व्हायोलिन वाजवायचा. १९५५ पासून तिथले पोलीस ते वापरू लागले. रुंद रस्त्यांच्या शहरात ते शोभतं. आपल्याकडे डोंबिवलीच्या गुप्ते रोडसारख्या अरुंद रस्त्यावर गाडी आडवी येते म्हणून तिला जॅमर लावायचा, म्हणजे जी पाच मिनिटांत गेली असती तिला तासभर तिथेच डांबायचं, आणि मागची रिक्षांची रांग वाढवायची. गाडी खरंच वाट अडवत असेल तर ती उचलावी. जॅमर अशा जागी लावावा जिथे मनाई आहे पण वाट मोकळी आहे. मालक समोर आला असेल तर चलान करून गाडी काढायला लावणं हेच रहदारीच्या सोयीचं. पोलिसांशी बोलताना हा मुद्दा उपयोगी पडतो: ‘साहेब, चलान करा, पण गाडी आधी बाजूला घेऊ द्या, मागे बस अडकलीय.’ वाद घालणाऱ्यापेक्षा रस्ता मोकळा करू पाहणाऱ्याचं काम लवकर होतं.

दुचाकीला जॅमर क्वचितच लागतो, ती सरळ उचलली जाते. सकाळी स्टेशनजवळ स्कूटर लावून सीएसएमटीला गेलेला माणूस रात्री येतो तेव्हा तिथे नुसता तेलाचा डाग असतो. चोरीची तक्रार करण्याआधी आजूबाजूच्या टपरीवाल्याला विचारा, रस्त्यावर खडूने काही लिहिलंय का ते बघा आणि उपविभागाच्या चौकीत फोन करा. गाडी तिथे नसेल तरच पोलीस ठाण्यात जा.

फलक वाचायला शिका

लाल वर्तुळ, आत निळं आणि एक तिरपी लाल पट्टी म्हणजे गाडी लावायला मनाई. दोन पट्ट्या एकमेकींना छेदत असतील तर थांबायलाही मनाई. तिथे ‘मी गाडीतच बसलो होतो’ आणि चारही इंडिकेटर, दोन्ही चालत नाहीत. फलकाखालच्या छोट्या पाटीवरचे बाण आणि वेळ वाचा. बाण एकाच दिशेला असेल तर मनाई तिथून सुरू होते किंवा तिथे संपते.

काही जागांना फलक लागतच नाही. फुटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, चौकाचं तोंड, वळण, बस थांबा, शाळा-रुग्णालयाचं प्रवेशद्वार, इमारतीचं फाटक, अग्निशमनाचा नळ, आधीच उभ्या असलेल्या गाडीच्या बगलेत दुसरी रांग: इथे गाडी लावणं २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार मुळातच चूक आहे. ‘बोर्ड कुठाय’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

ठाण्यात आणि डोंबिवलीत खरा घोळ सम-विषम पार्किंगचा. पी-१ लिहिलेल्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी-२ च्या बाजूला सम तारखेला. रोज बाजू बदलायची म्हणून माणूस सवयीने बदलत राहतो आणि ३१ तारखेनंतर फसतो, कारण ३१ विषम आणि १ सुद्धा विषम. वर्षात सात महिने ३१ दिवसांचे आहेत, म्हणजे सात वेळा गाडी दुसऱ्या दिवशीही त्याच बाजूला ठेवायची. रात्री उशिरा गाडी लावताना उद्याच्या तारखेचा विचार करा. बारा वाजले की तुमची बरोबर बाजू चुकीची होते.

तात्पुरत्या मनाईचं वेगळंच. दिवाळीच्या पहाटे फडके रोड आणि राम मारुती रोड, पाडव्याची स्वागतयात्रा, नवरात्रात टेंभी नाका, विसर्जनाच्या दिवशी तलावपाळी. यांच्या अधिसूचना काही दिवस आधी निघतात, वर्तमानपत्राच्या ठाणे पुरवणीत आणि वाहतूक पोलिसांच्या समाजमाध्यमांवर येतात. आदल्या रात्री लावलेली गाडी सकाळी उचलली गेली तर ‘काल इथे चालत होतं’ म्हणून उपयोग नाही. ठाणे स्टेशनकडे काम असेल तर गावदेवी मैदानाखालचं भूमिगत वाहनतळ जवळ पडतं. तिथून स्टेशन चालत गाठता येतं.

फलकच चुकीचा वाटत असेल तर त्यालाही वाट आहे. नवी मनाई बहुतेक वेळा आधी प्रायोगिक म्हणून जाहीर होते आणि तीस दिवसांत हरकती-सूचना मागवल्या जातात. त्या लेखी, तीन हात नाक्याच्या कार्यालयात द्यायच्या. तेव्हा कोणीच लिहीत नाही, नंतर सगळेच चिडतात. ती मुदत गेली असेल तर माहिती अधिकारात विचारा: ‘अमुक रस्त्यावर अमुक ते अमुक टप्प्यात पार्किंगला मनाई करणाऱ्या अधिसूचनेची प्रत द्यावी.’ शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून इतर गाऱ्हाणी त्यात कोंबू नका. अधिसूचना नसेल तर त्या फलकाखालच्या चलानाला आव्हान द्यायला याहून चांगला कागद नाही.

सोसायटीचा जॅमर

हल्ली घोडबंदर रोडवरच्या संकुलांत आणि कल्याण पश्चिमेच्या नव्या वसाहतींत सोसायट्याही जॅमर विकत आणतात. पाहुण्याने कुणाच्या जागेत गाडी लावली की वॉचमन जॅमर चढवतो आणि कार्यालयात पाचशे भरा म्हणतो. कलम १२७ चा अधिकार पोलिसाचा आणि सार्वजनिक जागेपुरता आहे. तो सोसायटीच्या कमिटीकडे येत नाही. स्कॉटलंडच्या न्यायालयाने १९९२ मध्येच खासगी जागेत जॅमर लावून पैसे मागणं ही खंडणी ठरवली आणि इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१२ पासून कायद्यानेच ते बंद झालं. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, पण सोसायटीने जबरदस्ती करण्यापेक्षा सर्वसाधारण सभेत पार्किंगचे नियम आणि दंड मंजूर करून घ्यावेत, सभासदाच्या बिलात लावावेत. पाहुण्याच्या गाडीबद्दल त्याच्या यजमान सभासदाला विचारावं. रस्त्यावरच्या ‘गाडी लावल्यास हवा काढली जाईल’ या पाट्यांचंही तेच. हवा काढणाऱ्याला कायदा पाठीशी घालत नाही, आणि रस्त्यावर कुंड्या, दगड, जुने टायर ठेवून जागा अडवणं हे महापालिकेच्या लेखी अतिक्रमण आहे. मात्र फाटकासमोर गाडी लावणारा फलकाशिवायही चुकतोच. त्याच्यासाठी वाहतूक चौकीला फोन करायचा आणि पोलीस येईपर्यंत टायरला हात लावायचा नाही.

शेवटचं काम घरी बसून करायचं. चलानाचा संदेश आरसीवर नोंदवलेल्या मोबाइलला जातो. गाडी जुनी घेतलेली असेल तर तो आधीच्या मालकाला जातो आणि तुमची चलानं वर्षभर साचत राहतात. परिवहनच्या संकेतस्थळावर आधार वापरून नंबर बदलता येतो, तो आजच बदला. दुसऱ्या बाजूने, ‘तुमच्या गाडीचं चलान बघा’ म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल आली तर ती उघडू नका. ती बँक खातं रिकामं करायला पाठवलेली असते. सरकारी चलानाच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. दुव्यावर बोट न ठेवता तो पत्ता स्वतः टाकायचा, गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे भरायचे. थकलेलं काही असेल तर तिथे दिसतं.